नाव झाकून घेतलेली परीक्षा

श्रोतेहो, तुमच्यात जे शिक्षक आहेत त्यांना ही गोष्ट मी सांगायला नको. शाळेच्या चाचणीचे पेपर तपासायला बसले, की वरचे नाव वाचल्यावाचून राहवत नाही. हुशार म्हणून नावाजलेल्या मुलाचे उत्तर थोडे घसरले, तरी 'त्याला म्हणायचे होते ते बरोबर आहे' असे आपले मन म्हणते. आणि मागच्या बाकावरच्या पोराने एखादे उत्तर झकास लिहिले, तर 'कुणाचे बघून लिहिलेस रे?' ही शंका आधी येते. म्हणूनच मोठ्या परीक्षेत पेपरावर नाव नसते, बैठक क्रमांक असतो. हाच नियम एकदा पॅरिस शहरात द्राक्षाच्या वाइनला लावला गेला. दिवस होता २४ मे १९७६. त्या दिवशी जे घडले त्याने दोन देशांतल्या द्राक्ष बागायतदारांचे नशीब बदलले, आणि काही मोठ्या माणसांची झोपही उडाली.

आता रेडिओवर वाइनची गोष्ट कशाला, असे कुणाच्या मनात येईल. आपल्याकडे १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला, त्यात कितीतरी पिढ्या वाढल्या. तेव्हा शंका रास्त आहे. पण ही गोष्ट पिण्याची नाही, पारखण्याची आहे. अशा चाखणीची रीतच अशी, की पेला उजेडात धरून रंग पाहायचा, हलवून वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा आणि शेजारच्या भांड्यात थुंकून टाकायचा. दहा-वीस पेले चाखायचे तर डोके ठिकाणावर राहायला नको का?

वाइन म्हणजे काय, तेही आधी थोडक्यात सांगतो. द्राक्ष चिरडले की रस निघतो. त्या रसातली साखर यीस्ट खाते, म्हणजे रस आंबतो, आणि साखरेची जागा मद्य घेते. यात वरून पाणी नाही, गूळ नाही, भट्टी नाही. पांढरी आणि तांबडी असा जो भेद, तो बहुतेक सालीचा आहे. काळे द्राक्ष सोलून पाहा. आतला गर बहुधा फिकाच असतो. रंग असतो सालीत. साली बाजूला काढून नुसता रस आंबवला की पांढरी वाइन होते. सालीसकट आंबवला की रंग उतरतो, त्याबरोबर साली-बियांचा तुरटपणाही उतरतो, आणि तांबडी होते. तांबडी वाइन तरुण असताना जीभ आवळते. वर्षे गेली की मऊ होत जाते. हा तुरटपणा लक्षात ठेवा, पुढे भांडण त्याच्यावरच झाले.

या विद्येत फ्रान्सची बरोबरी कुणी करू शकत नाही, असे साऱ्या जगाचे मत होते. फ्रेंचांचे तर होतेच, पण बाकीच्यांचेही होते. बर्गंडी प्रांताची पांढरी आणि बोर्दो प्रांताची तांबडी वाइन म्हणजे शेवटचा शब्द. १८५५ साली पॅरिसमध्ये मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा बोर्दोच्या तांबड्या वाइनची प्रतवारी लावण्यात आली. ती लावली दलालांनी, आणि बाजारात कुणाच्या मालाला आजवर काय भाव मिळाला हे पाहून लावली. ज्याला जास्त भाव तो वरच्या वर्गात. एकदा वरच्या वर्गात बसला, की त्या नावावर पुन्हा जास्त भाव. ही यादी पुढे सव्वाशे वर्षे जवळजवळ जशीच्या तशी राहिली. मूटॉन रॉथशिल्ड नावाच्या एका मळ्याला दुसऱ्या वर्गातून पहिल्यात यायला १९७३ साल उजाडले. आपल्याकडे आंब्याच्या पेटीवर 'देवगड' एवढी अक्षरे असली की गिऱ्हाईक आतला आंबा न हुंगता पैसे मोजते, आणि त्या अक्षरांखाली कधी परमुलखातला आंबाही खपून जातो. देवगडचा हापूस चांगला नाही असे कोण म्हणेल? पण अक्षरे वेगळी आणि आंबा वेगळा.

इकडे अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांताची काय अवस्था होती? तिथेही एकोणिसाव्या शतकात द्राक्षमळे चांगले बहरले होते. पण १९२० साली साऱ्या अमेरिकेत दारूबंदी आली आणि ती १९३३ पर्यंत टिकली. तेवढ्या तेरा वर्षांत धंदा बसला. थोड्या वाइनरी चर्चच्या पूजेसाठी लागणारी वाइन करून कशाबशा तगल्या. बाकीच्यांनी कुलपे लावली. नापा नावाच्या खोऱ्यात लोकांनी आलुबुखार आणि अक्रोड लावले. बंदी उठली तरी हात मोडले होते, माहिती असलेली माणसे पांगली होती. पुढची तीस वर्षे कॅलिफोर्नियाची वाइन म्हणजे बहुतांशी स्वस्त, गोड, मोठ्या बरण्यांतून विकायचा माल.

एक गोष्ट मात्र इथे सांगितलीच पाहिजे, कारण ती आपल्या बागायतदाराला जवळची आहे. १८६०च्या सुमारास अमेरिकेहून आलेल्या रोपांबरोबर फायलोक्सेरा नावाची एक बारीक कीड फ्रान्समध्ये शिरली. ती वेलाची मुळे शोषते. मळेच्या मळे वाळून गेले. शेवटी उपाय सापडला तोही अमेरिकेतच: तिथल्या रानवेलांची मुळे या किडीला दाद देत नाहीत, तेव्हा अमेरिकन खुंटावर फ्रेंच द्राक्षाचे कलम करायचे. तेव्हापासून फ्रान्सचे बहुतेक मळे परक्या मुळांवर उभे आहेत. नाशिक-सांगलीकडचा शेतकरी आज थॉम्सनचे कलम 'डॉगरिज' खुंटावर बांधतो, कारण तो कमी पाण्यात आणि खारवट जमिनीत तग धरतो. तो डॉगरिजही मूळचा टेक्सासचा. म्हणजे अमेरिकेची मुळे फ्रान्समध्ये गेली, आणि फ्रान्सची शार्दने नावाची पांढरी व काबेर्ने सोव्हिन्यों नावाची काळी द्राक्षे कॅलिफोर्नियात गेली. तेव्हा १९७६ साली जे समोरासमोर उभे राहिले ते एका घरचेच दोन भाऊ होते म्हणायचे.

आता दोन माणसांची ओळख करून देतो. पहिला मिलयेंको ग्रगिच, अमेरिकेत माइक म्हणून ओळखला जाणारा. क्रोएशियातल्या देस्ने या खेड्यात १९२३ साली जन्मला, अकरा भावंडांत धाकटा. वडिलांचा मळा, तेव्हा पाय भूमीवर स्थिर होतात न होतात तोच द्राक्षे तुडवायला उतरला. पुढे झाग्रेबच्या विद्यापीठात वाइनशास्त्र शिकला, कम्युनिस्ट राजवट सोडून बाहेर पडला, जर्मनी आणि कॅनडा करीत १९५८ साली एक लहानशी पेटी घेऊन नापाला पोचला. तिथे कितीतरी वर्षे दुसऱ्यांच्या वाइनरीत राबला. १९७२ साली शातो मॉन्टेलेना या वाइनरीत त्याच्या हाती कारभार आला. मालक जिम बॅरेट हा पेशाने वकील.

दुसरा वॉरन विनियार्स्की, पोलिश घराण्यातला. हा तुमच्यासारखा शिक्षक, शिकागो विद्यापीठात शिकवणारा. बायको आणि लहान मुले गाडीत घालून १९६४ साली तो नापाला आला आणि एका वाइनरीत मदतनीस म्हणून राहिला. पिंपे धुणे, नळ्या ओढणे, पडेल ते काम. १९६९ साली नेथन फे नावाच्या एका बागायतदाराने घरगुती करून ठेवलेली तांबडी वाइन त्याने चाखली. बाटलीला ना चिठ्ठी, ना नाव. पण त्या एका घोटाने विनियार्स्कीला कळले, की आपण जी जमीन शोधतो आहोत ती हीच. फेच्या बांधाला लागून आलुबुखाराची एक बाग होती. ती त्याने खरेदी केली, झाडे काढली आणि १९७० साली काबेर्ने लावले. तीच पुढे स्टॅग्स लीप वाइन सेलर्स. मला स्वतःला पॅरिसच्या चाखणीपेक्षाही ही चाखणी मोठी वाटते. पण तिची बातमी कुठे छापून आली नाही.

पॅरिसमध्ये स्टीव्हन स्पुरियर नावाचा एक तरुण इंग्रज वाइनचे दुकान चालवीत असे, आणि शेजारीच वाइन कशी चाखावी हे शिकवणारी शाळाही. फ्रेंचांना वाइन विकणारा इंग्रज! त्याची सहकारी पॅट्रिशिया गॅलघर ही अमेरिकन. १९७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे होत होती. त्या निमित्ताने कॅलिफोर्नियातल्या नव्या, छोट्या वाइनरींचा माल फ्रेंच जाणकारांपुढे ठेवू, असे या दोघांना सुचले. दुकानाची जाहिरातही होईल, हा हिशेब असणारच. कुणाचा पराभव करावा असे मनात नव्हते.

बाटल्या आणायच्या कशा, हाही प्रश्नच होता. योगायोगाने कॅलिफोर्नियातली वाइनवाली मंडळी फ्रान्सच्या सहलीला निघाली होती. त्यांच्या सामानातून दोन डझन बाटल्या विमानाने आल्या. वाटेत एक फुटली. बाकी सुखरूप.

परीक्षक नऊ, सगळे फ्रेंच, आणि एकाहून एक मातब्बर. सरकारच्या वाइन-नियंत्रण खात्याचे मुख्य तपासनीस पिएर ब्रेज्यू. बर्गंडीच्या सर्वांत नामांकित मळ्यांपैकी एकाचे भागीदार ओबेर द व्हिलेन. प्रसिद्ध खानावळींचे मालक. आणि फ्रान्समधल्या वाइनच्या मानाच्या मासिकाच्या संपादिका ओदेत कान. स्पुरियर आणि गॅलघर यांनीही चाखले, पण त्यांचे गुण बेरजेत धरले नाहीत.

कॅलिफोर्नियाच्या वाइन चाखायला या, एवढेच आमंत्रण होते. पण स्पुरियरच्या मनात आले, की बाटलीवर कॅलिफोर्निया वाचले की ही मंडळी कौतुकाने पाठ थोपटतील, 'प्रयत्न बरा आहे' म्हणतील आणि विसरून जातील. म्हणून त्याने प्रत्येक रंगाच्या सहा कॅलिफोर्नियन वाइनमध्ये चार उत्तम फ्रेंच वाइन मिसळल्या आणि नावे झाकायची ठरवली. परीक्षकांना विचारले. कुणी हरकत घेतली नाही. घेणार कशाला? आयुष्य ज्यात गेले ते आपल्याला ओळखू येणार नाही, असे कुणाला वाटते?

डोळा, नाक, तोंड आणि सगळ्यांचा मेळ, असे पाहून प्रत्येकाने वीसपैकी गुण द्यायचे. आधी पांढऱ्या आल्या. बातमीदारांना बोलावणे होते, पण फ्रेंच वाइनपुढे कॅलिफोर्निया म्हणजे निकाल ठरलेलाच, त्याची कसली बातमी? 'टाइम' साप्ताहिकाचा जॉर्ज टेबर तेवढा आला. त्याच्या हातात क्रमवारीचा कागद होता. म्हणजे खोलीतल्या परीक्षकांना जे ठाऊक नव्हते ते या एकट्या पाहुण्याला ठाऊक होते. थोड्याच वेळात त्याचे कान टवकारले. एका नामवंत खानावळवाल्याने एक घोट घेतला आणि, हां, आता आपण फ्रान्सला परत आलो, अशा अर्थाचे समाधानाने उद्गार काढले. टेबरने कागद पाहिला. पेल्यात नापाची वाइन होती. दुसऱ्याने एक पेला हुंगून ही खास कॅलिफोर्नियाची, हिला वासच नाही, असे म्हणून बाजूला सारला. ती होती बर्गंडीची बातार-माँराशे, जिचे नाव घेताना फ्रेंच माणूस आवाज खाली आणतो.

पांढऱ्यांचा निकाल तांबड्यांच्या आधीच वाचला गेला. पहिली शातो मॉन्टेलेना, १९७३ ची, ग्रगिचच्या हातची, १८० पैकी १३२ गुण. दुसरी बर्गंडीची मेर्सो शार्म, साडेएकशे सव्वीस. तिसरी आणि चौथी पुन्हा कॅलिफोर्नियाच्या. आणि बातार-माँराशे सातवी. खोलीत शांतता पसरली म्हणतात.

हा निकाल आधी वाचणे ही माझ्या मते स्पुरियरची चूकच झाली. कारण आता तांबड्यांच्या वेळी परीक्षक सावध झाले. पुन्हा असे होऊ द्यायचे नाही, हे कुणी बोलून दाखवले नसेल, पण कॅलिफोर्नियाची वाटेल ती ओळखून खाली ढकलायची, असा प्रयत्न झाला असे मागाहून पुष्कळांनी म्हटले. तरीही बेरीज झाली तेव्हा वर नाव आले स्टॅग्स लीपचे. साडेएकशे सत्तावीस गुण. पहिल्या वर्गातली मूटॉन रॉथशिल्ड १२६ वर दुसरी, माँरोज तिसरी, ओ-ब्रियों चौथी. ज्या वेलांची वाइन पहिली आली त्या वेलांचे वय द्राक्षे खुडताना होते तीन वर्षे.

निकाल ऐकल्यावर ओदेत कान स्पुरियरपाशी गेल्या आणि आपले गुणांचे कागद परत मागू लागल्या. त्याने दिले नाहीत. हा प्रसंग सांगताना लोक बाईंना हसतात. मला हसू येत नाही. त्यांची अडचण समजून घ्या. फ्रान्सच्या वाइनचा मान राखणे हे त्यांच्या मासिकाचे कामच होते, आणि त्याच हातांनी परक्या मुलखाला गुण दिले गेले होते. त्या दिवशी त्यांनी जिभेला जे जाणवले ते प्रामाणिकपणे लिहिले, तेवढाच त्यांचा दोष. नऊही जणांना पुढे आपल्या माणसांकडून खूप ऐकून घ्यावे लागले. नावे दिसत असती तर त्यांची चूकही झाली नसती आणि निंदाही झाली नसती.

शिक्षकमंडळींनी या गुणांकडे जरा बारकाईने पाहावे. पहिल्या आलेल्या त्या तांबड्या वाइनला एकाने दहा गुण दिले, दुसऱ्याने साडेसोळा. पहिल्या-दुसऱ्यात फरक सगळा मिळून दीड गुणाचा. एखाद्या परीक्षकाला त्या दिवशी पडसे असते तर क्रम उलटला असता. शिवाय कॅलिफोर्नियाचे उमेदवार सहा आणि फ्रान्सचे चार. पांढऱ्यांत शेवटचे दोन नंबर कॅलिफोर्नियाचे आणि तांबड्यांत तर शेवटचे चारही त्यांचेच. तेव्हा कॅलिफोर्निया फ्रान्सच्या वर गेली, असे या परीक्षेतून सिद्ध होत नाही. सिद्ध झाले ते एवढेच, की नाव झाकले तर जगातल्या पट्टीच्या जाणकारांनाही हा कुठला आणि तो कुठला हे खात्रीने सांगता आले नाही. पण हे 'एवढेच' काही लहान नव्हते. सव्वाशे वर्षांचे भाव त्यावर उभे होते.

टेबरची बातमी ७ जून १९७६ च्या 'टाइम'मध्ये आली, चार परिच्छेदांची. फ्रान्सच्या 'फिगारो'ने दखल घ्यायला तीन महिने लावले आणि 'ल मोंद'ने सहा, तीही नाक मुरडून. स्पुरियरला तिथल्या वाइनवाल्यांनी काही काळ वाळीत टाकले.

मॉन्टेलेनाचा मालक बॅरेट त्या दिवशी कुठे होता? त्याच सहलीबरोबर फ्रान्समध्येच, बोर्दोच्या एका मळ्यावर पाहुणचाराचे जेवण घेत. टेलिफोन आला, तेव्हा घरी काही वाईट झाले की काय म्हणून त्याचे काळीज धडधडले. पलीकडून टेबर बोलत होता. खेड्यातल्या पोरांच्या मानाने वाईट नाही झाले, एवढेच तो म्हणाला आणि परत येऊन मुकाट्याने जेवायला बसला. यजमानांच्या घरात बसून उड्या मारू नयेत, हे त्याला कळत होते. मळ्याच्या बाहेर पडून बस चालू झाल्यावर मग सगळ्यांनी काय तो दंगा केला. वाइनरीला तार गेली. ग्रगिचला ती मिळाली तेव्हा तो नाचू लागला. वाइन त्याच्या हातची खरी. पण द्राक्षे नापाच्या जोडीला शेजारच्या सोनोमातल्या शेतकऱ्यांचीही होती, आणि त्यांची नावे बाटलीवर नव्हती. ही चिठ्ठीची दुसरी बाजू. चिठ्ठी लिहिते तेवढे पुसतेही.

यानंतर नापात जमिनीला सोन्याचा भाव आला. ग्रगिचने १९७७ साली स्वतःची वाइनरी काढली. शंभरी गाठून २०२३ च्या डिसेंबरात तो गेला, विनियार्स्की २०२४ साली. त्या दोघांच्या १९७३ च्या एकेक बाटल्या वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलेल्या आहेत.

फ्रेंचांचा एक आक्षेप मात्र वजनदार होता, आणि तो तुरटपणाचा. ते म्हणत, आमची तांबडी वाइन म्हातारपणासाठी केलेली असते. सहा वर्षांच्या पोराशी तिची कुस्ती लावून काय उपयोग? वीस-तीस वर्षे थांबा, कॅलिफोर्नियाची मरून पडेल, आमची उभी राहील. आक्षेप खरा की खोटा हे वादाने ठरणारे नव्हते, थांबूनच ठरणार होते. स्पुरियर थांबला. बरोबर तीस वर्षांनी, २४ मे २००६ रोजी, त्याच तांबड्या वाइन पुन्हा उघडल्या गेल्या. एका वेळी लंडनला आणि नापाला, दोन्हीकडे परीक्षक वेगळे, नावे पुन्हा झाकलेली. या खेपेला पहिली आली १९७६ साली पाचवी आलेली रिज माँटे बेलो, १९७१ ची, कॅलिफोर्नियाचीच. आणि पहिले पाचही नंबर कॅलिफोर्नियाचे.